एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर मारतोय? आधी रिले शोधा

एलईडी टाकल्यावर इंडिकेटर दुप्पट वेगाने मारू लागला की नवशिक्या आधी एलईडीच बदलायला घेतो. दोष बहुतेकदा तिथे नसतोच. जुना 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढायचा. एलईडी दोन-तीन वॅटचा, म्हणजे जेमतेम पाव अँपिअर. एवढा कमी करंट दिसला की फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले, बल्ब उडाला असं धरतो आणि चालकाच्या लक्षात यावं म्हणून वेग वाढवतो. जुन्या थर्मल फ्लॅशरचं उलट. आतली पट्टी तापण्याइतका करंटच मिळत नाही, मग दिवा नुसता लागून राहतो.

फक्त एकाच बाजूला वेग वाढला असेल तर जुने बल्ब परत लावून बघा. तरीही तसंच असेल तर होल्डर गंजलाय किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी) कच्चा आहे. दिवा लागलेला असताना मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आधी अर्थ घासून घ्या. एलईडी अजिबात लागतच नसेल तर तो उलटा बसलाय. वेज प्रकारचा (सरळ खोचून बसणारा) असेल तर काढून फिरवून लावा.

आता गाडीत इंडिकेटर चालवतंय कोण ते शोधा. टिकटिक येते तिथे बोट ठेवा, रिले असेल तर ठोका जाणवतो. दुचाकीत तो बहुधा सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे सापडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे दिवे वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) करतं आणि टिकटिक स्पीकरमधून येते. तिथे बदलायला वेगळा रिलेच नसतो.

रिले असेल तर दिवे किती करंट ओढतात यावर ज्याचा वेग ठरत नाही असा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला. आमच्या मते हाच खरा इलाज. घेताना पिनांची संख्याच नव्हे, क्रमही जुळवा: बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे लोड (दिव्यांकडे जाणारी), ई म्हणजे अर्थ. बी आणि एल उलटे झाले तर रिले दिसायला चपखल बसतो, पण काम करत नाही. दोन पिनांच्या रिलेला बऱ्याचदा वेगळी अर्थची वायर असते. ती लोंबकळत ठेवू नका. बसवल्यावर घड्याळ लावून मोजा, मिनिटाला 60 ते 120 वेळा लागला की ठीक.

मॉड्यूलवाल्या गाडीत सेटिंग बदलता येत नसेल तर जुन्या बल्बइतका करंट ओढून दाखवणारा लोड रेझिस्टर लावावा लागतो. 21 वॅटच्या बल्बसाठी 6 ओहम, 50 वॅटचा, बल्बच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ यांच्यामध्ये, म्हणजे पॅरलल. सिरीजमध्ये लावला तर एलईडी फक्त मंद होईल, वेग तसाच राहील. मॉड्यूल प्रत्येक बल्ब वेगळा तपासत असेल तर प्रत्येकाला एक. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टला हा रेझिस्टर दिवा पेटलेला असताना 30 वॅट उष्णता टाकतो. तो दुहेरी टेपने बंपरच्या आत चिकटवणारे महाभाग आहेत. गाडी रस्त्याकडेला हॅझर्ड लावून तासभर उभी राहिली की टेप सुटते आणि प्लास्टिक वितळतं. उघड्या पत्र्यावर स्क्रूने आवळा, वायरिंगचा गठ्ठा लांब ठेवा, जोड सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. शिवाय पुढे एलईडी खरोखर उडाला तरी रेझिस्टर करंट ओढतच राहतो, म्हणून मीटरवर इशारा येईलच असं नाही. अधूनमधून गाडीभोवती फिरून दिवे बघावे लागतात.

दुचाकीत एक हमखास गोंधळ: डावा इंडिकेटर दिला की चारही मारतात. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असेल तर तो डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. करंट त्यातून पलीकडे जातो. जुन्या बल्बला तो पुरत नव्हता, एलईडीला पुरतो. दोन 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) घ्या. एकाचं बिनपट्टीचं टोक डाव्या वायरला, दुसऱ्याचं उजव्या वायरला. पांढऱ्या पट्टीची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका वायरला आणि दिव्याची दुसरी वायर अर्थला.