घरीच शिकवायचंय? मग सुरुवात अशी करा
मुलांना घरी शिकवायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात दहावीचं काय, तर ती एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळामधून देता येते, वय 14 पूर्ण हवं, मराठी माध्यमपण आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात ती डाउनलोड करा, पण घरात शाळेचं टाइमटेबल लावू नका प्लीज, लहान मुलांना सकाळचे दोन तास मन लावून केले तरी पुरतात. गणित भाजीबाजारात शिकवा. पावशेर मिरची 20 रुपयांना तर किलो केवढ्याला, हिशोब पोरानेच करायचा, पैसेपण त्यानेच द्यायचे आणि चुकला तर लगेच सांगू नका, जरा थांबा, त्याचं त्यालाच कळतं. रात्री त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, रोज. आणि संध्याकाळी ग्राउंडवर पाठवाच, मित्र तिथेच होतात.