आग्रा रोडचा इतिहास पायी चालून कसा शोधावा

पाटीवर नाव लालबहादूर शास्त्री मार्ग. माझे वडील मात्र शेवटपर्यंत ‘आग्रा रोड’च म्हणायचे. भांडुपला याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांची उभी नोकरी झाली. लहानपणी मला वाटायचं, असंच सरळ चालत राहिलं तर आग्र्याला पोचू. ते काही खोटं नव्हतं. मुंबईहून ठाणे, नाशिक करत आग्र्याला जाणारी वाट हीच.

शीव ते मुलुंड हे अंतर वीसेक किलोमीटरचं आहे. एका दिवसात उरकू नका, तीन रविवार ठेवा: शीव ते घाटकोपर, घाटकोपर ते भांडुप, भांडुप ते मुलुंड. सकाळी सातच्या आत निघा. दुकानांची शटर्स बंद असली की वरच्या जुन्या पाट्या दिसतात. एखाद्या पाटीवर अजूनही पत्ता ‘आग्रा रोड’ असा सापडतो.

सुरुवात शीवलाच करा. शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथे संपायचं, पुढे खाडी आणि पलीकडे साष्टी बेटावरचं कुर्ला. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे खाडीत बांध घालून रस्ता पलीकडे नेला. नंतर वेसच पुढे सरकत गेली. शहराची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. म्हणून शेवटच्या रविवारी मुलुंड चेक नाक्यावर जरा थांबा. शहरात येणाऱ्या मालावर इथे जकात भरावी लागायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, ट्रकांच्या रांगा गेल्या. नाव तेवढं राहिलं.

चालताना वहीत बसस्टॉपची नावं उतरवून घ्या. माझ्या मते या रस्त्याचं सगळ्यात खरं दप्तर तेच आहे. कुर्ल्यात ‘कमानी’ हे कारखान्याचं नाव, घाटकोपरला ‘श्रेयस’ हे थिएटरचं. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगा, तो बरोबर तिथेच सोडतो.

मग फाटकं बघा, आणि इथे वेळ काढा. टॉवरच्या सोसायटीला एवढं रुंद फाटक कशाला लागतं? ते ट्रक वळावा म्हणून केलेलं असतं. कंपाउंडची भिंत हाताने चाचपून बघा. खाली काळा दगड, वर नवीन प्लास्टर असेल तर भिंत कारखान्याची आणि आतली इमारत नंतरची. आमच्याकडच्या अशा एका भिंतीत लोखंडी कडी अजून आहे. पाळी सुटायच्या वेळी वडिलांची वाट बघत मी ती धरून उभी राहायचे. भोंगा झाला की सगळा रस्ता सायकलींनी भरून जायचा. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी तिथल्याच. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी आहे.

कारखाने इथेच का आले, हे नकाशा उघडलात की लगेच कळतं. १८५३ पासून रेल्वे जवळून जात होती, दाराशी रस्ता होता आणि मोकळी जमीन भरपूर होती. पुढे पूर्व द्रुतगती मार्ग झाला आणि लांब पल्ल्याची वाहनं तिकडे वळली. हमरस्ता होता तो मधला रस्ता झाला. कारखाने हलले तसे मॉल आणि टॉवर आले, आणि आता डोक्यावर मेट्रो ४ चे खांब.

रुंदी पावलांनी मोजा. कुर्ल्यात रस्ता चिंचोळा होतो, कारण जुनी वस्ती अगदी कडेला येऊन भिडलेली आहे. कारखान्याच्या मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकाम होताना रस्तारेषेतली, म्हणजे रस्ता रुंद करायला आखून ठेवलेली, पट्टी पालिकेला मिळते, म्हणून तिथे तो ऐसपैस होतो. पुढची रस्तारेषा बघायची असेल तर पालिकेचा २०३४ चा विकास आराखडा ऑनलाइन आहे. एखाद्या जागेचा मागचा मालक कोण हे हवं असेल तर सिटीएस नंबर (जागेचा नगर भूमापन क्रमांक) शोधून मालमत्ता पत्रक काढा.

शेवटी जुन्या माणसांशी बोला, पण ‘इतिहास सांगा’ म्हणू नका, गप्पच होतात. ‘पगाराच्या दिवशी इथे काय असायचं?’ असं विचारा आणि वही मिटून ठेवा.