दूषित रानात मोहरी पेरण्यापूर्वी

परतीचा पाऊस थांबून पंचगंगाकाठच्या मळईच्या रानांना वाफसा आला की रब्बीची घाई सुरू होते. ज्यांची जमीन औद्योगिक वसाहतीतून वाहत येणाऱ्या ओढ्यालगत आहे, फौंड्रीच्या टाकाऊ वाळूने भराव केलेल्या जागेशेजारी आहे किंवा पुराचे पाणी बरेच दिवस तुंबलेल्या सखल भागात आहे, त्यांनी पेरणीपूर्वी मातीतील शिसे, कॅडमियम, निकेल आणि क्रोमियम तपासून घ्यावे. मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबे, लोह असतात, पण ते पिकाला कमी पडतात का हे पाहण्यासाठी. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. नमुना 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्यावा आणि तो गोळा करताना पत्र्याची पाटी किंवा जस्ताचा मुलामा असलेले अवजार न वापरता प्लास्टिकची बादली व लाकडी पट्टी वापरावी.

धातू आढळल्यास मोहरी किंवा सूर्यफूल लावून जमीन स्वच्छ करावी, असे हल्ली सर्रास सुचवले जाते. ही पिके धातू उचलतात हे खरेच, परंतु किती, याचा हिशेब आधी मांडावा. एका एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो भरते. तिच्यातील कॅडमियम किलोमागे 1 मिलिग्रॅमने उतरवायचे, तर 900 ग्रॅम धातू रानाबाहेर गेला पाहिजे. समजा मोहरीची एकरी 3 टन वाळलेली झाडे निघाली आणि त्यांत किलोमागे 10 मिलिग्रॅम कॅडमियम साठले, तर एका हंगामात 30 ग्रॅमच बाहेर पडते. म्हणजे काम तीस हंगामांचे झाले, आणि ओढ्याचे दूषित पाणी तोवर पाटाने येतच राहिले तर तेही नाही. म्हणून पहिला खर्च बियाण्यावर नव्हे, तर ते पाणी अडवण्यावर व वळवण्यावर करावा.

शिरोळ, हातकणंगले भागातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शिसे व कॅडमियम मातीला घट्ट धरून राहतात, त्यामुळे पीक ते कमी उचलते. पन्हाळा, शाहूवाडीकडील आम्लधर्मी तांबड्या मातीत तेच धातू पिकात सहज चढतात. तिथे पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या दूषित तुकड्यात अजिबात घेऊ नयेत. शिसे पिकात जास्त चढावे म्हणून मातीत ईडीटीए (धातू मातीपासून सुटा करणारे रसायन) मिसळण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण सुटे झालेले शिसे पिकाने उचलले नाही तर विहिरीत उतरू शकते.

बहुतेक ठिकाणी धातू उपसण्यापेक्षा जागच्या जागी बांधून ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते. ओढ्याच्या काठाने वाळ्याची ठोंबे 15 सेंटिमीटर अंतरावर दाट ओळीत लावावीत. पाण्याची सोय असल्यास आताही लागण करता येते. वाळा बराचसा धातू मुळांतच अडवतो आणि माती वाहू देत नाही. मात्र अशा जागेतील मुळे काढून विकू नयेत. आतील दूषित तुकड्यात एरंड लावावा, कारण तो जनावरे सहसा खात नाहीत.

तरीही मोहरी घ्यायचीच असेल, तर ती ऑक्टोबर अखेरपर्यंत पेरावी आणि फुलोऱ्यात, दाणा भरण्याआधी मुळासकट उपटावी. खरी अडचण इथून पुढे सुरू होते. हा पाला वैरण म्हणून गोठ्यात नेऊ नये, त्याचे कंपोस्ट किंवा गांडूळखत करू नये आणि वाळलेली धाटे गुऱ्हाळाच्या चुलवाणात तर मुळीच घालू नयेत. राखेत धातू अधिक दाट होतो, आणि आपल्याकडे राख पुन्हा शेतातच पडते. अशा रानातील सूर्यफुलाची पेंडही धातूच्या याच भीतीने जनावरांना घालू नये. नदीतून काढलेल्या जलपर्णीचे खत आणणाऱ्यांनीही ते आधी तपासून घ्यावे, कारण जलपर्णी पाण्यातील धातू मुळांत साठवते.

उपटलेली झाडे ताडपत्रीवर वाळवून, पोत्यांत भरून, पावसापासून दूर वेगळी ठेवावीत आणि त्यांच्या विल्हेवाटीची व्यवस्था प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाकडे लेखी विचारून पेरणीआधीच ठरवावी. ती ठरत नसेल तर यंदा मोहरी पेरू नये, रान वाळा व एरंडाखाली ठेवावे. पुढचा नमुना मे महिन्यात त्याच जागांवरून घेता यावा, यासाठी बांधावर आत्ताच खुणेचे दगड रोवून घ्यावेत.