रात्री लवकर झोप हवी असेल, तर सकाळपासून सुरुवात करा

रोज एक वाजता झोपणारा माणूस एके दिवशी निश्चयाने अकराला अंथरुणावर पडतो, दिवे मालवतो आणि दोन तास कूस बदलत राहतो. यात त्याच्या निश्चयाचा दोष नाही. दिवसभराच्या जागेपणामुळे झोपेची ओढ वाढत जाते हे खरे. पण त्याच वेळी मेंदूतील घड्याळही जागे ठेवण्याचा जोर वाढवत असते, आणि हा जोर नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांतच सर्वाधिक असतो. म्हणजे त्याच्या शरीराच्या दृष्टीने अकरा ही झोप येण्यास फार अवघड वेळ ठरते. म्हणून आधी उठण्याची वेळ आणि सकाळचा उजेड हाती घ्यावा. झोपण्याची वेळ त्यांच्या मागोमाग येते.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असते. सुमारे २०,००० पेशींचे ते दोन लहानसे पुंजके आहेत. सजीवांच्या आत असे घड्याळ असावे, याची खूण १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांना लाजाळूच्या रोपात दिसली होती: रोप सतत अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून काही मिनिटांनी मोठा असतो. म्हणून रोज दुरुस्ती झाली नाही, तर ते उशिराकडे सरकत जाते, आणि ही दुरुस्ती मुख्यतः डोळ्यांत जाणारा उजेड करतो.

नाशिककरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे. त्यामुळे आपल्याकडचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी ३५ मिनिटे मागे असतो. जानेवारीत येथे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, तर जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. थंडीत पाचला उठणाऱ्याला उजेडासाठी बराच वेळ थांबावे लागते, आणि त्या दिवसांत उठणे जड जाते ते केवळ गारठ्यामुळे नव्हे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दिवाळीच्या किंवा अन्य सुट्टीत पाच-सहा दिवस गजर न लावता उठावे आणि जाग येण्याची वेळ वहीत लिहावी. या वेळेच्या सुमारे दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे आणतो, आणि त्याच्या आधी मिळालेला उजेड ते आणखी उशिराकडे ढकलतो. ही बाब अनेक जण चुकवतात. ज्याला आपोआप दहाला जाग येते, त्याचा हा क्षण साडेसातच्या आसपास असणार. त्याने उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सहाला उठून पांडवलेणी चढायला सुरुवात केली, तर तो उजेड त्याच्या हेतूच्या नेमका उलट काम करील. त्यामुळे गजर दर एक-दोन दिवसांनी केवळ १५ ते २० मिनिटे अलीकडे आणावा.

उठल्यावर अर्धा तास तरी उघड्यावर घालवावा: कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गोल्फ क्लब मैदानावर, नाहीतर आपल्याच गच्चीवर. घरातील दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) असतो. पावसाळी, ढगाळ सकाळीही बाहेर तो काही हजार लक्स भरतो. सूर्याकडे पाहू नये, त्याची गरजही नसते. संध्याकाळी याच्या उलट करावे: झोपेच्या दोन तास आधी ट्यूबलाइट बंद करून मंद पिवळा दिवा लावावा आणि मोबाइल दूर ठेवावा. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. चारचा चहा मी म्हणूनच शेवटचा मानतो. यकृत, आतडे यांची घड्याळे जेवणाच्या वेळेवर चालतात, तेव्हा न्याहारी आणि रात्रीचे जेवणही उठण्याबरोबर अलीकडे आणावे.

रविवारी दहापर्यंत झोपले, की आठवड्याची बरीच कमाई जाते. नाशिकला त्यावर चांगला उपाय आहे: सकाळी आठला मिसळीला जायचे सर्वांनी मिळून ठरवावे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना मात्र हा मार्ग जसाच्या तसा लागू होत नाही, आणि त्यांच्या झोपेची काळजी घरच्यांनी व मालकांनी आजवर घेतली त्याहून बरीच जास्त घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते. घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकते. म्हणून एका आठवड्याच्या रात्रपाळीत ते पूर्ण उलटवण्याचा प्रयत्न करू नये. कामावर जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपावे. मुख्य जेवण निघण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्रीनंतर हलके खावे. चहा पाळीच्या पहिल्या भागातच घ्यावा. पहाटे चार-पाचला सावधपणा तळाला गेलेला असतो आणि पाळी सुटेपर्यंत तो पुरता परतत नाही. डोळे मिटत असतील तर दुचाकी काढण्याआधी २० मिनिटे झोप घ्यावी, किंवा कंपनीच्या बसने यावे. घरी येताच जाड पडद्यांनी खोली अंधारी करून झोपावे, आणि त्या वेळेत दाराची बेल वाजू नये, एवढी जबाबदारी घरातल्यांनी घ्यावी. पाळ्यांचा क्रम पहिली, दुसरी, मग तिसरी असा असेल, तर शरीराला सोपे जाते, कारण आपले घड्याळ मुळातच उशिराकडे कलणारे आहे. उलट क्रम असल्यास कामगारांनी तो बदलून मागावा.

मेलॅटोनिनच्या, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणाऱ्या संप्रेरकाच्या, गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. झोपेत मोठे घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे, किंवा आठवड्यातून तीन वा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिने चालू राहिले असेल, तर उजेडाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि जाताना झोपेच्या वेळा लिहिलेली ती वही बरोबर न्यावी.