मॅक्रोसाठी बाहेर पडण्याआधी

आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघा, पण पावसाआधी वाऱ्याचा वेग बघा. उघड्यावरच्या मॅक्रोत, म्हणजे कीटकांसारख्या बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो काढताना, सगळ्यात जास्त फोटो वाराच खातो. १:१ ला, म्हणजे कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवूनही फुल फ्रेमवर (३६×२४ मिमीच्या सेन्सरवर) पुढेमागे जेमतेम सव्वा मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. गवताचं पातं साध्या झुळकीनेही त्याहून कितीतरी जास्त हलतं. म्हणून गजर सूर्योदयाआधीचा लावा. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो आणि गारठ्याने कीटकही सुस्तावलेले असतात. दवाने भिजलेला चतुर अंगात ऊब येईपर्यंत जागचा हलत नाही.

लेन्स शक्यतो १०० मिमीच्या आसपासची घ्या. तिच्यात १:१ ला पुढच्या काचेपासून कीटकापर्यंत तेरा-पंधरा सेंटीमीटर अंतर राहतं. ६० मिमीची असेल तर त्याहूनही जवळ जावं लागतं, आपली सावली पडते आणि कीटक उडतो. लेन्सचा हूड घरीच ठेवा, तो हेच अंतर खातो.

आता प्रकाश. १:१ ला दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे चौथाईच उरतो, त्यामुळे एफ/११ हा एफ/२२ सारखा वागतो. फ्लॅश लागणारच, आणि माझ्या मते फ्लॅशपेक्षा डिफ्युझरवर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्यावर, जास्त मेहनत घ्यावी. घरी स्टीलचा चमचा पालथा ठेवून एक फोटो काढा. चमच्यावर कडक पांढरा ठिपका दिसला, तर भुंग्याच्या पाठीवरही तो तसाच दिसणार. डिफ्युझर मोठा करा, कीटकाच्या आणखी जवळ आणा. फ्लॅशची पॉवर कमी ठेवली की त्याची चमक अगदी क्षणिक होते आणि बारीक हालचाल गोठते. मॅन्युअल मोड, एफ/११, शटर १/२०० सेकंद, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) हे सगळं कॅमेऱ्यात आधीच सेव्ह करून ठेवा. फोकसही मॅन्युअल, लेन्सवर अंतर पक्कं करायचं आणि शरीर किंचित पुढेमागे करत डोळा स्पष्ट दिसला की क्लिक करायचं.

ट्रायपॉडचे पाय जमिनीलगत पसरत नसतील तर त्याचं ओझं नको, बीनबॅग (कॅमेरा टेकवायची दाणे भरलेली छोटी पिशवी) घ्या. गुडघ्याखाली घ्यायला जाडसर काहीतरी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बॅटऱ्यांचा जादा संच, रिकामं कार्ड.

काठीला बांधलेला एक चिमटा आणि थोडा दोरा नक्की ठेवा. काठी जमिनीत रोवून चिमट्याने देठ हलकेच धरला की वाऱ्याचा जोर बराच कमी होतो. कात्री मात्र नेऊच नका. मध्ये येणारं गवत दोऱ्याने बाजूला बांधा आणि फोटो झाला की सोडा; उन्हापासून आणि पक्ष्यांपासून लपायला कीटकाला त्याच गवताचा आडोसा असतो.

एसीच्या खोलीत झोपणार असाल तर कॅमेऱ्याची बॅग रात्री खोलीबाहेर ठेवा. थंड काच दमट हवेत आली की धुरकट होते, आणि ती निवळेपर्यंत पहाटेची चांगली वेळ निघून जाते.