बुलेटच्या बेंड पाइपला लॅगिंग

जूनमधली गोष्ट. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, ऐरोलीच्या सिग्नलला थांबलो आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. रेनकोटच्या पँटचा पाय बेंड पाइपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या वाकड्या पाइपला, चिकटून वितळला होता. क्रोमवर काळी खपली बसली ती नखाने निघेना. संध्याकाळी कळव्याला घरी आलो तर भाचा म्हणाला, "मामा, रॅप कर ना पाइपला. लूक येतो, पाय भाजत नाही आणि स्पीडपण वाढतो."

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी 26 वर्षं फिटर आहे. वाफेच्या लाइनीला ग्लासवूल गुंडाळायची आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा, याला आम्ही लॅगिंग म्हणतो. बाइकवाल्यांचा रॅप म्हणजे तेच काम, पाइपला उष्णता सोसणारी पट्टी गुंडाळायची, फक्त वरचा पत्रा नाही. सगळी भानगड तिथेच आहे, कारण पाणी अडवतो तो पत्राच. ते पुढे सांगतो.

आधी स्पीडचं उरकून टाकू. सिलिंडरमधून निघालेला धूर जितका गरम तितका फुललेला आणि वेगात असतो. पाइपात थंड झाला की आकसतो, मंदावतो. पाइप गुंडाळला की उष्णता आतच राहते, धूर सपाट्याने निघतो आणि जाता जाता सिलिंडरमधलं उरलंसुरलंही ओढून नेतो. रेसच्या गाडीत पाइपची लांबी-जाडी इंजिनला मोजून बनवलेली असते, तिथे याचा थोडा फायदा दिसतो. टर्बोच्या गाडीत जास्त, कारण टर्बोचा पंखा याच धुरावर फिरतो. माझी बुलेट म्हणजे आपली 2012 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, 19.8 हॉर्सपॉवरची. मुंब्रा बायपासचा चढ ती पट्टी गुंडाळण्याआधी जशी चढायची तशीच आजही चढते. भाच्याला मागे बसवून दाखवलं, मगच तो गप्प झाला. तेव्हा पायासाठी करा, दिसण्यासाठी करा. स्पीडसाठी पैसे घालू नका.

काही गाड्यांना करूच नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, काहींचा तर बेंड पाइपातच. तो मुळातच खूप तापतो. त्याला गोधडी पांघरली तर प्रमाणाबाहेर तापून खराब होईल. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही उघडाच राहायला हवा. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि इंजिनातून तेल गळत असेल तर अगोदर ती गळती काढा. तेल प्यायलेलं लॅगिंग पेटतं, हे कारखान्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

पट्टी दोन जातींची मिळते. फायबरग्लासची स्वस्त, साधारण 500 अंशांपर्यंत निभावते. दुसरी तपकिरी-सोनेरी, 'टायटॅनियम' म्हणून विकतात. तिच्यात टायटॅनियम धातू नसतो, बेसॉल्ट वितळवून काढलेले धागे असतात. म्हणजे आपल्या पारसिकच्या डोंगराचाच दगड. ती जास्त उष्णता सोसते आणि लवकर ठिसूळ होत नाही, मी तीच घेतली. कुणी जुन्या स्टॉकमधला अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर स्वस्तात देतो म्हणाला तर हातही लावू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. पाइपचा व्यास 38 मिलिमीटर धरला तर घेर 12 सेंटीमीटर. पट्टी 5 सेंटीमीटर रुंद, एका वेढ्यावर दुसरा सव्वा सेंटीमीटर चढवायचा, म्हणजे प्रत्येक वेढा पावणेचार सेंटीमीटर पुढे सरकतो. 60 सेंटीमीटरच्या पाइपला 16 वेढे, पट्टी 2 मीटर. वळणं आणि टोकं धरून अडीच. अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी वळणावर नीट बसते, पण लांबीला जवळपास दुप्पट लागते. भाचा विचारायच्या आत 10 मीटरचा रोल घेऊन आला होता.

पाइप गाडीवरून उतरवूनच काम करा. पाइप इंजिनच्या हेडला जोडतो तिथले नट उष्णतेने धरलेले असतात. रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी पाना लावा. जोर केला की नट ज्यावर बसतो तो स्टड तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं. परत बसवताना हेड आणि पाइपमधलं पॅकिंग नवीन घाला. पाइप थिनरने पुसून कोरडा करा. माझ्या पाइपाचं क्रोम बरंच उडालं होतं, म्हणून पॉलिश पेपर मारून वर चिमणीला लावतात तो 600 अंशांचा चंदेरी रंग दोन हात दिला. क्रोम चकचकीत असेल तर त्यावर रंग धरणार नाही. पण पट्टीखाली ते निळं-तपकिरी पडेल आणि मग परत पहिल्यासारखं होणार नाही. हे मान्य असेल तरच पुढे जा.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क. यात आळस केलात तर दोन दिवस खाजवत बसाल. पट्टी अर्धा तास बादलीत भिजवून निथळून घ्या, म्हणजे मऊ पडते आणि धागे कमी उडतात.

सुरुवात कुठून करायची यात बरेच जण चुकतात. सायलेन्सरच्या टोकाकडून इंजिनकडे जायचं. कौलं शाकारताना आपण खालच्या ओळीपासून वर जातो ना, वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी ओघळून जातं, तसंच. उलटं गुंडाळलंत तर पट्टीची प्रत्येक कड समोरून येणारं पाणी झेलत राहील. पहिला वेढा जागच्या जागी दोनदा घेऊन स्टीलचा टाय (बारीक पट्टा) आवळायचा. मग एकाने रोल ताणून धरायचा आणि दुसऱ्याने पाइप फिरवायचा. भाचा रोल धरून मोबाइल बघत होता, त्यामुळे मधले चार वेढे सैल गेले आणि परत उलगडावे लागले. वळणावर आतल्या बाजूला पट्टी आपोआप जास्त चढते, लक्ष बाहेरच्या बाजूवर ठेवा. तिथे अर्धा सेंटीमीटर तरी चढलीच पाहिजे, नाहीतर गरम झाल्यावर फट पडते.

दर 15-20 सेंटीमीटरवर एक टाय, त्याचं डोकं इंजिनच्या बाजूला लपवा. उरलेलं शेपूट कापून कानशीने घासा, ते ब्लेडसारखं कापतं. हेडच्या फ्लँजपाशी, म्हणजे नट आवळतात त्या कडेपाशी, पान्याला जागा सोडा. गाडीवर चढवल्यावर ब्रेकचा पेडल पूर्ण खाली जातो का, पट्टीला घासतो का, हे पाहिल्याशिवाय किक मारू नका.

रात्रभर वाळू द्या. पहिल्यांदा गाडी तापली की धूर निघणारच, पंधरा-वीस मिनिटं, वासासकट. पट्टीतले धागे धरून ठेवणारा बाइंडर जळत असतो. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं तेव्हा वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आला. मोकळ्या जागी करा आणि तो धूर नाकात घेऊ नका. थंड झाल्यावर सिलिकॉनचा हाय-टेंपरेचर स्प्रे मारला की पाणी कमी शोषलं जातं. पँट आता चिकटत नाही, पण हात ठेवला तर भाजेलच.

आता गंज. कारखान्यात चोवीस तास गरम राहणारी लाइन लॅगिंगखाली वर्षानुवर्षं टिकते, पाणी शिरलं तरी उडून जातं. सडते ती रोज चालू-बंद होणारी. पाणी शिरतं, लाइन कोमट होते, वाफ आतच कोंडते आणि वरून सगळं छान दिसत असताना आतला पाइप पापड होतो. बाइकचा पाइप असाच, त्यात आपल्याकडे खाडीचा खारा वारा. म्हणून प्रेशरने धुताना पट्टीवर फवारा मारू नका. भिजलेली गाडी तशीच लावून ठेवू नका, पाच-सात किलोमीटर चालवून पट्टी वाळवा.

गणपती होऊन पाऊस ओसरला की खालच्या टोकाचा टाय कापून पट्टी वीतभर उलगडायची. पाणी तिथेच साठतं. मोकळं करण्याआधी ओली करा, मास्क लावा. मला पहिल्याच वर्षी रंगावर रुपयाएवढे दोन तांबडे डाग दिसले. घासले, रंग दिला आणि तेवढ्या भागाला नवी पट्टी बांधली, कारण तापून निघालेली पट्टी परत चढत नाही, तुकडे पडतात. नवी पट्टी उरलेल्या रोलमधूनच कापली. दहा मीटरचा रोल आणला ते बरंच झालं, असं आता भाचा सगळ्यांना सांगत असतो.