अमेरिकेत सिव्हिलचं एमएस: आधी अंदाज बदला

ऑगस्टमध्ये येणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न खोली, बँक आणि सिमकार्डाचे असतात. ते आठवड्याभरात सीनियर्सच्या मदतीनं मार्गी लागतं. सिव्हिलवाल्यांची खरी तारांबळ पहिल्या असाइनमेंटला उडते.

थिअरीत आपण कुठे कमी नसतो. बदलावा लागतो तो अंदाज. बीममध्ये साधारण किती सळया लागतील हे भारतात तुम्ही गणित मांडण्याआधीच ओळखायचात. इथे बल किपमध्ये (हजार पाउंड), ताण केएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती किप), लांबी फूट-इंचांत. १ किप म्हणजे ४.४५ किलोन्यूटन, १ केएसआय म्हणजे ६.९ एमपीए (मेगापास्कल). सळईचा नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग: ४ नंबरची अर्धा इंच, ८ नंबरची एक इंच. सगळं मेट्रिकमध्ये सोडवून शेवटी रूपांतर करायचा मोह होईल. करू नका. उत्तर येईल, पण चुकलं तर ते नजरेला खटकणार नाही, आणि इंजिनिअरला तेच तर खटकायला हवं.

कोडचंही, म्हणजे डिझाइनच्या नियमावलीचंही, तसंच. आपला आयएस ४५६ काँक्रीटची ताकद १५० मिमीच्या क्यूबवरून मोजतो, इथला एसीआय ३१८ सिलिंडरवरून, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्केच ताकद दाखवतो. म्हणजे ४००० पीएसआयचे (दर चौरस इंचाला पाउंड) २७.६ एमपीए झाले म्हणून ‘हे आपलं एम २५ च्या (क्यूबवर २५ एमपीए) आसपासचं’ असं समजू नका. ते एम ३५ च्या पंगतीतलं. तिकडे डेड (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि लाइव्ह (माणसं-सामानाचा भार) दोन्ही लोडना १.५ लावायची सवय असते, इथे डेडला १.२ आणि लाइव्हला १.६. आपण काँक्रीटची ताकद १.५ नं आणि स्टीलची १.१५ नं आधीच भागून घेतो. इथे सेक्शनची पूर्ण ताकद काढून मग तिला फाय (φ) या एकापेक्षा लहान गुणकानं गुणतात: नेहमीच्या बीमला वाकण्यात ०.९, शिअरला (कातर बलाला) ०.७५. दोन्हींची खिचडी केलेला पेपर तपासणाऱ्याला लगेच कळतो. पहिल्याच महिन्यात एक साधा बीम घ्या आणि दोन्ही कोडांनी, हातानं, शेजारी शेजारी डिझाइन करा. एका संध्याकाळचं काम आहे.

होमवर्क बऱ्याच ठिकाणी फिकट हिरव्या इंजिनिअरिंग पेपरवर मागतात. चौकटी मागच्या बाजूला छापलेल्या असतात, लिहायचं पुढच्या बाजूला. आणि आदल्या रात्री मित्राचं सबमिशन छापायची सवय विमानतळावरच सोडून या. इथे तशा प्रकरणाची चौकशी बसते, आणि निलंबन झालं तर व्हिसाही धोक्यात येतो.

लॅबमध्ये काँक्रीट कालवून देणारा अटेंडंट मिळेल या भ्रमात राहू नका. सेफ्टी ट्रेनिंग झाल्यावर स्लम्प कोन (ओल्या काँक्रीटचा सैलपणा मोजायचा साचा) तुम्हीच भरायचा, तीन थर, प्रत्येक थराला सळीचे २५ टोचे. सिलिंडरांवर नंबर टाकायचे, मिक्सर घट्ट व्हायच्या आत धुवायचा. कंटाळवाणं वाटलं तरी करा. काँक्रीट कनू (काँक्रीटची होडी) किंवा स्टील ब्रिज या विद्यार्थी स्पर्धांच्या टीममध्येही शिरा. स्थानिक मुलांशी ओळखी पार्टीपेक्षा तिथेच लवकर होतात.

एफई, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याच्या वाटेवरची पहिली परीक्षा, शिकत असतानाच उरकून टाका. ११० प्रश्न, संगणकावर, वर्षभर कधीही देता येते, आणि हँडबुक पडद्यावर मिळतं. त्या हँडबुकची पीडीएफ परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेच्या साइटवर फुकट आहे. पुढे पीईसाठी (इंजिनिअरचा पूर्ण परवाना) भारतीय पदवीचं मूल्यांकन लागू शकतं. प्रत्येक राज्याच्या बोर्डाचे नियम वेगळे, म्हणून जिथे राहायचा विचार आहे तिथले वाचा.

ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर आपल्या विषयात काम करायची परवानगी) १२ महिन्यांची, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसाठीची) मुदतवाढ २४ महिन्यांची. अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा सीनियरच्या व्हॉट्सॲपवर न विसंबता इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

राहता राहिलं स्पेशलायझेशन. आपली बहुतेक मुलं डोळे झाकून स्ट्रक्चर्स घेतात. ट्रान्स्पोर्टेशन आणि वॉटर रिसोर्सेसकडेही बघा, असं माझं स्पष्ट मत. मात्र काही सरकारी कामांना नागरिकत्वाची अट असते, म्हणून सप्टेंबरच्या करिअर फेअरला कंपनीच्या टेबलाशी हा प्रश्न आधी विचारा, बायोडाटा नंतर द्या.